डंकावरचं कार्ड

काकींचं जुनं विझिटिंग कार्ड नव्यानं डिझाइन करायला माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला मिरचीपूड लागलेली होती. हातात घेतल्यावर सगळ्यात आधी नजरेत भरलं ते वाक्य होतं ‘आमची कोठेही शाखा नाही’. मग दोन्ही बाजूंना जोतिबाचे फोटो, मध्ये मिरच्यांचा ढीग, पिवळ्यातून केशरीत जाणारी पार्श्वभूमी आणि तिच्यावर लाल अक्षरं. मिरची, हळद, शिकेकाई, धणे, गरम मसाला, पापडाचं पीठ अशी लांबलचक यादी. तीन फोन नंबर होते, त्यातला ०२३१ वाला लँडलाइन कधीच बंद झालेला. पत्ता सी.स.नं.पासून सुरू होऊन चार ओळी चाललेला. हे सगळं साडेतीन इंच बाय दोन इंचात.

काकींचं चटणी कांडप केंद्र, म्हणजे तिखट कुटायच्या यंत्राचं, डंकाचं दुकान, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आहे, मिरजकर तिकटीपासून आत. नाव मुद्दाम देत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या नावानं त्यांना कुणी ओळखतही नाही. तिकटीवर रिक्षावाल्याला पाटीवरचं नाव सांगून बघितलं, त्यानं मान हलवली. ‘डंकवाल्या काकी’ म्हटल्यावर थेट दारात आणून सोडलं. कार्डाबद्दल मिळालेली ही पहिली माहिती, आणि तीही कॉम्प्युटर चालू करायच्या आधी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. पुण्यात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचं तिखट: ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी झणक्याला, त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, तीळ, मीठ आणि ज्याच्या त्याच्या घरचे मसाले. हे सगळं भाजून, वाळवून डंकावर कुटून आणायचं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे संपेपर्यंत डंकाला उसंत नसते. पाऊस लागला की गल्ली शांत. म्हणजे या धंद्यात गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं, आणि मधल्या दहा महिन्यांत ते तुम्हाला विसरायला पूर्ण मोकळं असतं.

मे अखेरीला काकींचा मुलगा माझ्याकडे आला. त्याला काळं कार्ड हवं होतं, वर सोनेरी फॉइल. मोबाइलवर नमुने आणलेले. “दादा, एकदम प्रीमियम दिसलं पायजे.” अण्णा, म्हणजे काकींचे सासरे, त्यांची अट एकच: वर ‘॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥’ पाहिजे आणि खाली शाखा नसल्याचं वाक्य पाहिजे. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं? मी आपला डंक बघतो.” (आमच्याकडं बायका ‘बघतो’च म्हणतात. कुणी सुधारायला जाऊ नये.)

मला तिघांचंही पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं. म्हणून दोन सकाळी डंकाजवळच्या बाकावर जाऊन बसलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंका वेगळ्याच. हंगाम संपत आला होता तरी आठ-दहा बायका पिशव्या घेऊन रांगेत होत्या.

बसल्या बसल्या एक गोष्ट सारखी कानावर येत होती. “गेल्या सालासारखी करा बघा.” “गेल्या साली लई तिखट झालती, जरा कमी.” “त्या टायमाला लसूण किती घातलता ओ?” काकी प्रत्येकीला अंदाजानं सांगत होत्या, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असणार, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर खात्री दिसत नव्हती. एका आजींनी मात्र ब्लाउजातल्या पाकिटातून वहीचा घडी घातलेला कागद काढला. नातवाच्या अक्षरात मागच्या वर्षीचं माप होतं. घड्यांवर कागद फाटला होता, तरी आजींनी तो जपून ठेवला होता.

जुनं कार्ड कुठं ठेवलंय, असं मी बायकांना विचारत होतो, तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. हा कागद मात्र वर्षभर जागेवर होता. कार्डाची मागची बाजू कशासाठी वापरायची ते मला तिथं कळलं.

माप लिहायला जागा करायची, एवढंच. चटणी तयार झाली की काट्यावर बसलेल्या पोरीनं कार्डाच्या मागं तारीख आणि प्रमाण लिहायचं आणि कार्ड डब्यात, चटणीच्या पिशवीवर ठेवून द्यायचं. मग ते पर्समध्ये जाणार नाही, चटणीच्या डब्याबरोबर राहील. पुढच्या मार्चमध्ये डबा रिकामा होतो नेमका तेव्हाच ते हाताला लागेल, आणि उलटं केलं की फोन नंबर. आपण सगळे विझिटिंग कार्डाचा विचार दिलेल्या क्षणापुरता करतो: बघणाऱ्यावर छाप कशी पडेल, हातात घेतल्यावर कसं वाटेल. काकींना छापेची गरजच नव्हती. चटणी खाल्ल्यावर जी पडायची ती पडतेच. कार्डाचं काम दहा महिन्यांनी होतं.

आता ते पाच सेंटिमीटरात बसवायचं. माझ्या पहिल्या आराखड्यात अकरा ओळी होत्या, घटकानुसार एक. दोन इंच म्हणजे ५१ मिलिमीटर. वरखाली समास सोडून प्रत्येक ओळीला जेमतेम चार मिलिमीटर मिळाले. पडद्यावर सुबक दिसलं. छापून काट्यावरच्या पोरीला दिलं, तिनं बॉलपेननं ‘ब्याडगी २ किलो’ लिहिलं आणि वेलांटी वरच्या ओळीत, उकार खालच्या ओळीत. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली जागा लागते, हे टाइप करताना लक्षात राहतं, हातानं लिहिणाऱ्याच्या बाबतीत मी विसरलो.

काकींनी तो कागद बघितला आणि हसल्या. “एवढं कशाला? बदलतंय काय ते चारच. दोन मिरच्या, लसूण आणि मीठ. बाकीचं ठरल्यालंच असतंय की.” मला हे आधी विचारायला हवं होतं. अकराच्या पाच ओळी झाल्या: तारीख, ब्याडगी, तिखट मिरची, लसूण, मीठ. प्रत्येकीला आठ मिलिमीटर. ओळींच्या रेघा फिक्या राखाडी ठेवल्या, म्हणजे लिहिलेलं वर उठून दिसावं.

खरी डोकेदुखी कागदाची निघाली. कोल्हापुरात काय किंवा कुठंही काय, स्वस्तात हजार कार्डं मिळतात ती कॉमन शीटवर. दहा-वीस गिऱ्हाइकांची कामं एकाच मोठ्या शीटवर लावून ऑफसेटला छापतात, सगळ्यांना एकच कागद आणि एकच मॅट लॅमिनेशन, म्हणून दर पडतो कमी. ते लॅमिनेशन म्हणजे वर बसवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म. तिच्यावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेनची शाई अंगठ्यानं पुसली जाते. माप लिहायच्या कार्डाला हे चालणारच नाही.

मग प्रेसवाल्या मामांनी सुचवलं, पुढच्या बाजूलाच लॅमिनेशन करू, मागची कोरी ठेवू. ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) आर्ट कार्डावर नमुने काढले. तेव्हा जुलै होता, पंचगंगा पात्राबाहेर यायच्या बेतात, हवा ओलीगच्च. चार दिवसांनी नमुने बघितले तर सगळे वाकून द्रोणासारखे झालेले. कारण साधं आहे. कोऱ्या बाजूचा कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, दुसऱ्या बाजूची फिल्म तशीच राहते, मग कार्ड फिल्मच्या बाजूला वळतं. हेच नमुने एप्रिलच्या कोरड्या हवेत काढले असते तर सपाट दिसले असते, आम्ही पाचशे छापून मोकळे झालो असतो आणि जूनमध्ये घराघरांतल्या डब्यांत द्रोण तयार झाले असते. पावसाळ्यात काम हाती घेतलं हा निव्वळ योग, पण त्याचा फायदा झाला.

शेवटी लॅमिनेशनच सोडलं. दोन्ही बाजूंनी कोरा, चकाकी नसलेला ३०० जीएसएमचा पांढरा बोर्ड. मुलाचा आक्षेप बरोबर होता: तेलकट हात लागला की डाग पडणार. आम्ही मुद्दाम एक नमुना चटणीच्या डब्यात आठवडाभर ठेवला. तो कडेनं लालसर झाला, अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येत होती. काकी म्हणाल्या, “चटणीचं कार्ड चटणीसारखंच दिसंल की. त्यात काय?” मुलगा त्यावर काही बोलला नाही. काळ्या-सोनेरी कार्डाचा विषय त्या दिवसापुरता मागं पडला.

असा कागद कॉमन शीटला मिळत नाही, म्हणून ऑफसेट सोडून डिजिटल छपाईला गेलो. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर कापायची जागा धरून २४ कार्डं बसतात, २१ शीटमध्ये ५०४. कार्डामागं पैसे जास्त गेले हे खरं, पण हजाराचा गठ्ठा घेऊन बसायची सक्ती राहिली नाही. चूक निघाली तर पुढच्या वेळी दुरुस्त करता येणार होती. आणि निघालीच, ते पुढं सांगतो.

दर्शनी बाजूला मी एकच शब्द मोठा घेतला: ‘चटणी कांडप’. हळद, शिकेकाई, पापडाचं पीठ सगळं काढलं. ज्याला हळद कांडायची असते तो डंक बघून विचारतोच. त्याखाली लोकांच्या तोंडातलं नाव, डंकवाल्या काकी. नोंदणीचं नाव बारीक, तळाला. एक मोबाइल नंबर. पत्ता म्हणून ‘मिरजकर तिकटीपासून खासबागेकडं’ आणि गल्लीची खूण. सिटी सर्व्हे नंबर पोस्टमनलाही लागत नाही.

जुन्या कार्डावर लाल पट्टीत पांढऱ्या अक्षरांत ‘कांडप’ होतं. भिंग लावून बघितलं तर अनुस्वाराचा टिंब लाल शाईनं भरून गेला होता आणि शब्द झाला होता ‘काडप’. रंगीत पट्टीतली पांढरी अक्षरं म्हणजे न छापलेली जागा; शाई जराशी पसरली की आधी टिंब जातो, मग रफार, मग मात्रेचं टोक. इंग्रजी अक्षरं सात पॉइंटाच्या आकारात निभावतात, देवनागरी नऊच्या खाली नेऊ नये असं माझं मत. सगळी अक्षरं पांढऱ्यावर काळी घेतली, आणि तीही नुसत्या काळ्या रंगात. चार रंग मिसळून केलेला काळा दाट दिसतो, पण छपाईत रंग केसभर सरकले की बारीक अक्षरांच्या कडेला लाल-निळी सावली उमटते. जुन्या कार्डाची नक्षीदार चौकटही काढली. कटिंगला ब्लेड एखादा मिलिमीटर इकडं तिकडं जातंच, आणि चौकट असली की तो फरक लगेच डोळ्यात भरतो.

फॉन्टची गोष्ट अण्णांमुळं कळली. जुनी फाइल कोरल नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती; माझ्याकडं उघडल्यावर ‘चटणी’च्या जागी नुसता कचरा. सगळं नव्यानं युनिकोडमध्ये टाइप केलं. अण्णांनी चष्मा लावून मागची बाजू वाचली, ‘लसूण’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्यो ल आपला न्हाई ओ.” खरंच नव्हता. फॉन्टनं हिंदी वळणाचा ल दिला होता, दांडीचा. मराठीचा ल आणि श वेगळ्या वळणाचे असतात, राज्य शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही ते दिलेले आहेत. पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर बरेच फॉन्ट हिंदी वळणच देतात. भाषा बदलल्यावर ल जागेवर आला. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसानं ते पकडलं, मी पकडलं नव्हतं.

अण्णांच्या दोन्ही अटींचं काय झालं? ‘श्री जोतिबा प्रसन्न’ ठेवलं. डिझाइन शिकवणारे सांगतात, कामाचं नसेल ते काढा. माझ्या हिशेबानं ती चार मिलिमीटरची ओळ कामाची आहे. पेठेतल्या गिऱ्हाइकाला ती ओळखीची वाटते. जोतिबाचा फोटो मात्र काढायचा होता, आणि त्यासाठी मला वाद घालावा लागला नाही. मी एवढंच विचारलं, “अण्णा, कार्ड रस्त्यावर पडलं तर?” ते थोडा वेळ गप्प बसले. “पायाखाली येतोय देव. काढा तेवढा.” शाखेचं वाक्य काढताना मात्र कुरकुर झाली. कुणालाही शाखा असेल असं वाटलेलंच नाही, मग नाही म्हणून सांगायचं कशाला, हे त्यांना आजही पटलेलं नाही.

नंबर मराठी आकड्यांत की इंग्रजी, यावर एक संध्याकाळ गेली. मनातून मला मराठी आकडेच हवे होते. पण १ आणि ९ बारीक आकारात, तेलकट कार्डावर, चष्मा न लावता वेगळे ओळखू येईनात. फोनच्या कीपॅडवर इंग्रजी आकडे असतात, डायल करणारं बहुधा नातवंड असतं. नंबर इंग्रजीत, पाच-पाचच्या दोन गटांत घेतला. माप मराठीत.

क्यूआर कोड मुलाचा हट्ट, आणि तो मला मान्य होता, कारण पुण्या-मुंबईच्या लेकी कुरिअरनं चटणी मागवतात. त्यानं एका फुकट साइटवरून कोड करून आणला. स्कॅन केला की आधी त्या साइटवर जायचा आणि तिथून पुढं. पंधरा दिवसांनी चाचणीची मुदत संपली आणि कोड मेला. छापायच्या आधी संपली म्हणून बचावलो. दुसऱ्यांदा त्यानं नाव, पत्ता, सगळे नंबर कोडातच भरले. मजकूर वाढला की कोडातले चौकोन वाढतात, आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं. कोड झाला ६१ बाय ६१ चौकोनांचा. दोन सेंटिमीटरात तो मुंग्यांच्या वारुळासारखा दिसत होता आणि काकींच्या जुन्या फोनला ओळखताच येईना. मग फक्त व्हॉट्सॲपची थेट लिंक घेतली, नंबरासकट २६ अक्षरं. २५ बाय २५ चौकोनांत बसली, भोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडली, पिवळ्या बल्बखालीही पटकन उघडली.

तरी एक गंमत झालीच. नमुना हातात दिल्यावर पहिल्याच बाईंनी पैसे भरायचं ॲप काढलं, स्कॅन केलं आणि म्हणाल्या, “काकी, तुमचं मशीन चालंना.” दुकानात दिसणारा क्यूआर म्हणजे पैसे द्यायचा, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. कोडाखाली ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ असं लिहिलं, तेव्हा थांबलं.

छापायच्या आधी मी एक नियम पाळतो: नंबर फाइलमधून नाही, छापलेल्या प्रूफवरून डायल करायचा, आणि तो मी नाही, दुसऱ्या कुणी. काकींच्या जावेनं डायल केला. काकींचा फोन वाजला. मग ५०४ छापली.

हंगाम सुरू झाला तसं ठरल्याप्रमाणं कार्ड डब्यात जाऊ लागलं. काउंटरवर गठ्ठा ठेवायचा नाही असं मी बजावलं होतं. न लिहिलेलं कार्ड कचऱ्यात जातं. पण गर्दीत काट्यावरची पोरगी लिहायचं विसरायची, मग काकींनीच युक्ती काढली: माप काट्यावर घेतानाच कार्डावर लिहायचं, आणि तेच कार्ड पिशवीला लावून डंकाकडं पाठवायचं. वेगळ्या चिठ्ठीची गरज उरली नाही, आणि कुणाची पिशवी कुणाला हा घोळही कमी झाला. हा उपयोग माझ्या डोक्यात आलेला नव्हता.

चूक माझी एक होती. पुढच्या बाजूला तळाशी मी ‘आज द्या, उद्या न्या’ टाकलं होतं. वाचायला खमंग. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात डंकावर तीन दिवसांची थप्पी लागली आणि बायका कार्ड दाखवून भांडायला लागल्या. “हितं छापलंय की तुम्ही!” काकींनी मला फोन करून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. उरलेल्या कार्डांवर पोरीनं ती ओळ पेननं खोडली. दुसऱ्या छपाईत तिच्या जागी ‘येण्याआधी फोन करा’ आलं. पहिली पाचशेच छापली म्हणून हे जमलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी सहज डंकावर गेलो होतो. एक बाई कार्ड घेऊन आल्या, कडेनं लाल झालेलं, एक कोपरा दुमडलेला. काकींनी उलटं करून वाचलं. तिखट मिरची अर्धा किलो.

“तेवढीच घालू?”

“नको ओ, सून आल्या. पाव करा.”

काट्यावरच्या पोरीनं त्याच कार्डावर, जुन्या मापाच्या बाजूला उरलेल्या जागेत, कसंबसं ‘पाव’ लिहिलं. नवं कार्ड द्यायला गेली तर बाईंनी घेतलं नाही. “ह्येच राहू दे, गेल्या सालचं पण दिसतंय ह्याच्यावर.”

दिवसभरात अशी आणखी काही कार्डं आली, आणि प्रत्येकीला जुन्याच कार्डावर लिहून हवं होतं. घरी येऊन मागची बाजू पुन्हा मांडायला घेतली. ८९ मिलिमीटर रुंदी. घटकांच्या नावांना २४ दिले, उरलेल्यात तीन रकाने, प्रत्येकी १९ मिलिमीटर, म्हणजे तीन वर्षं. ‘पाव किलो’ तेवढ्यात बसतं का ते बघायला काट्यावरच्या पोरीला उद्या नमुना नेऊन द्यायचा आहे.